काका वेगळा, पुतण्या वेगळा

आमच्या कारंज्यातल्या अभ्यासिकेत मी बसतो, हे या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे. स्पर्धा परीक्षेच्या पोरांमध्ये फिरणाऱ्या झेरॉक्स नोट्स या आठवड्यात हाती आल्या आणि संताप आला. ‘एलफिन्स्टन, मुंबईचा गव्हर्नर, 1819 ते 1860.’ 41 वर्षं एकच माणूस! ‘‘काका, दोघं होते का जी?’’ एका मुलीनं विचारलं.

होते. माउंटस्टुअर्ट हा काका. 1804 ते 1808 नागपूरला भोसल्यांच्या दरबारी रेसिडेंट, पुढे 1819 ते 1827 मुंबईचा गव्हर्नर. एलफिन्स्टन कॉलेज त्याच्या नावाचं. जॉन, तेरावा लॉर्ड एलफिन्स्टन, हा पुतण्या. पोरवयातच सरदारकी मिळालेला, चौथ्या विल्यमच्या आणि मग व्हिक्टोरियाच्या दरबारातला मानकरी. 1837 ते 1842 मद्रासचा गव्हर्नर, 1853 ते 1860 मुंबईचा.

पोरांना पुतण्याचं ठाऊक काय? तर तरुण व्हिक्टोरिया त्याच्यावर भाळली, म्हणून त्याला मद्रासला धाडलं! ती तेव्हाची दरबारी कुजबुज. मला खटकतं ते वेगळंच. घोडदळातला एक कॅप्टन राजाच्या मर्जीतला, म्हणून तिशीत अख्खा मद्रास इलाखा त्याच्या हवाली झाला. मुंबईत त्याच्या आधी आलेला लॉर्ड फॉकलंड तर चौथ्या विल्यमचा जावई. रयतेची गाठ कुणाशी पडणार हे लंडनच्या दिवाणखान्यात ठरत होतं. परीक्षेत विचारायचं तर हे विचारा.

आणि 1857 विचारा. मुंबई विद्यापीठ निघालं ते याच पुतण्याच्या कारकिर्दीत, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या दोन शिपायांना आजच्या आझाद मैदानावर तोफेच्या तोंडी दिलं तेही. नोट्समध्ये या दोघांना एक ओळसुद्धा नाही. काका काही संत नव्हता, पण ज्याचा हिशेब त्याच्याच खात्यावर मांडा. एलफिन्स्टन रोड स्टेशनही पुतण्याच्याच नावाचं. 2018 साली त्याचं प्रभादेवी झालं, तेव्हा कोणाचं नाव गेलं हे कितीजणांना कळलं?

नावातल्या घोळाचा ताप आम्हा कारंजेकरांना कोणी शिकवायला नको. लाडांचं कारंजं वाशीम जिल्ह्यात, नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव. आमचं घाडग्यांचं, वर्धा जिल्ह्यातलं, संत्र्यांचं, गवळाऊ गाईंचं. तरी लोक नुसतं ‘कारंजा’ लिहून मोकळे होतात. मृगबहाराच्या ऐन फवारणीत बागेसाठी मागवलेलं औषध तिकडे जाऊन पडलं, आणि ते परत येईस्तोवर फळगळ सुरू झाली होती. दर्शनाला निघालेली म्हातारी माणसं रात्री आमच्या फाट्यावर उतरून ‘मंदिर कुठं’ म्हणून विचारतात. त्यांना परतीच्या गाडीत बसवून देणारी आमची पोरंच असतात. तेव्हा पाठवणाऱ्यांनो, बुकिंगवाल्यांनो, ‘घाडगे’ लिहा, पुढे ‘जिल्हा वर्धा’ लिहा, आणि कंडक्टरनंही तिकीट फाडताना एकदा विचारावं, कोणतं कारंजं जी?