तोतया कोण?

हळहळीलाही हल्ली बाजारभाव आला आहे. जुनी शाईची पेने, चावीची घड्याळे, ग्रामोफोनच्या तबकड्या यांच्या पंगतीला आता जुना घरगुती संगणकही येऊन बसला आहे. २३ एप्रिल १९८२ रोजी इंग्लंडात जाहीर झालेला सिंक्लेअर कंपनीचा 'झेडएक्स स्पेक्ट्रम' हा या पंगतीतला मानकरी. एरवी मोजके बोलणारे पन्नाशी-साठीतले गृहस्थ त्याचे नाव निघाले की गहिवरतात. त्या रबरी कळा, ती टेपरेकॉर्डरची किरकिर, पडद्याच्या कडेने धावणारे ते रंगीत पट्टे! गहिवरायला माझी हरकत नाही. पण ज्या वस्तूसाठी हा गहिवर आहे ती वस्तू मुळात काय होती, याचा विसर गहिवरणाऱ्यांना पडला आहे. आणि विकणाऱ्यांना तर तो पडलेलाच हवा आहे.

दुसऱ्या बाजूला शहाण्यांचा एक वर्ग आहे. आजच्या संगणकावर त्या जुन्या यंत्राचे हुबेहूब सोंग वठवणारी जी आज्ञावली असते, जिला 'एम्युलेटर' म्हणतात, तिच्याकडे हा वर्ग कुत्सितपणे पाहतो. 'हा तोतया संगणक घेऊन काय करायचे? भूतकाळात रमण्याचा रिकामटेकडा उद्योग!' असे त्याचे म्हणणे. मला या दोन्ही पक्षांशी भांडायचे आहे. एकाने सोन्याचा मुलामा ठेवला आणि मूर्ती फेकली. दुसरा मूर्तीलाच मुलामा समजतो आहे.

आधी यंत्राविषयी. स्पेक्ट्रमची किंमत १६ किलोबाइट स्मृतीच्या नमुन्याला १२५ पौंड आणि ४८ किलोबाइटच्या नमुन्याला १७५ पौंड होती. आत झेड-८० जातीचा प्रोसेसर, सेकंदाला ३५ लाख ठोके देणारा. पडदा म्हणजे घरातला टीव्ही आणि साठवण म्हणजे घरातली कॅसेट. चित्र २५६ गुणिले १९२ ठिपक्यांचे आणि आठ-आठ ठिपक्यांच्या प्रत्येक चौकटीत रंग फक्त दोन. आजच्या कुठल्याही फोनपुढे हे सगळे भातुकलीचे वाटेल. पण यंत्र सुरू करून एक कळ दाबली की पडद्याच्या तळाशी 'के' हे एकच अक्षर लुकलुकू लागे. त्याचा अर्थ, 'आज्ञा करा'. खेळांचे दुकान नाही, जाहिरात नाही, 'आपली संमती आहे' असे कबूल करून घेणारा कागद नाही. सांगाल तर करीन, न सांगाल तर उभा राहीन, इतकाच त्याचा बाणा. सोबत स्टीव्हन विकर्स यांनी लिहिलेले पुस्तक मिळे. ते 'बेसिक' भाषेच्या पहिल्या आज्ञेपासून वाचकाला थेट यंत्रभाषेच्या उंबरठ्यापर्यंत नेऊन सोडी. यंत्राच्या पोटात कायमची कोरलेली आज्ञावली सगळी मिळून १६ किलोबाइटची. इयन लोगन आणि फ्रँक ओ'हारा यांनी १९८३ साली ती उलगडून, टिपांसकट, एका पुस्तकात छापली. म्हणजे दुकानात विकत घेतलेल्या वस्तूचा अंतर्बाह्य हिशेब सामान्य माणसाला हातात धरता येत होता. एका माणसाच्या डोक्यात अख्खे यंत्र मावत होते. हे होते त्याचे मर्म. रबरी कळा हा नुसता काटकसरीचा मामला होता.

रबरी कळांवरून आठवले. आपल्याकडचे काही हौशी लोकही हल्ली त्या रबरासाठी उसासे टाकतात. वास्तविक डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या भारतीय कंपनीने १९८६ साली परवाना घेऊन भारतात जो आणला तो 'स्पेक्ट्रम प्लस'. त्याच्या कळा कडक प्लास्टिकच्या होत्या. ज्यांनी बाहेरदेशाहून मूळचा मागवला असेल त्यांची गोष्ट वेगळी. बाकीच्यांची हळहळ उसनी आहे. शेजारच्याच्या आजोळची आठवण काढून आपण रडावे, तसे हे. आपली आठवण आपण नीट काढली तर ती वेगळी निघते, आणि माझ्या मते अधिक मोलाची निघते.

माझ्यापुरते सांगतो. आमच्या बेळगावच्या घरी ते प्लास्टिकचे यंत्र आले तेव्हा त्याला देवनागरी येत नव्हती. यायचे कारणही नव्हते. पण त्याने वापरणाऱ्याला स्वतःची २१ अक्षरे घडवण्याची मुभा दिली होती, प्रत्येक अक्षर आठ बाय आठ ठिपक्यांचे. एकवीस अक्षरांत मराठीचा संसार कसा मांडणार? तर २३६०६ आणि २३६०७ या दोन घरांतले आकडे बदलले की यंत्र सगळीच अक्षरे आपण सांगू त्या जागेवरून उचले. मग शहाण्णव चौकटी हाताशी येत. वेलांटी-मात्रांचे काय? 'ओव्हर १' अशी आज्ञा दिली की एका अक्षरावर दुसरे उमटे; मात्र दोघांचे ठिपके जिथे एकमेकांवर पडत तिथे ते पुसले जात. तेव्हा मात्रेच्या चौकटीत शिरोरेघ काढायची नाही, नाहीतर अक्षराचे डोके उडते, हे कळले. वर मात्रेला जागा, खाली उकाराला जागा, मध्ये उरलेल्या चार-पाच ओळींत 'क्ष' आणि 'ज्ञ' कोंबताना आपली लिपी कशी बांधली आहे याचे जे ज्ञान झाले ते मला कुठल्या व्याकरणाच्या पुस्तकाने दिले नव्हते. यंत्राला मराठी येत नव्हती. पण ती शिकवण्याची वाट त्याने बंद केलेली नव्हती. हा फरक लहान नाही.

आता हळहळीचे व्यापारी काय विकतात ते पाहा. २०१५ साली 'स्पेक्ट्रम व्हेगा' नावाची वस्तू इंग्लंडात निघाली. खुद्द सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांचा तिला आशीर्वाद होता. पोटात हजार खेळ भरलेले. सगळे होते, फक्त कळफलक नव्हता! दिशा दाखवणारी एक कळ आणि आजूबाजूला मोजकी बटणे. ज्या यंत्राचे सारे सर्वस्व 'आज्ञा करा' या दोन शब्दांत होते, त्याच्या स्मारकात आज्ञा करायची सोयच कापून टाकलेली. अगदीच अडले तर पडद्यावर अक्षरे निवडत बसा. विठोबाच्या देवळात विठोबा सोडून सगळे असावे, आणि भाविकांनी बडव्यांचेच पाय धरून परत यावे, असा हा प्रकार. पुढे २०१६ साली त्याच मंडळींनी हातात धरायच्या 'व्हेगा प्लस'साठी लोकांकडून पाच लाख पौंडांहून अधिक रक्कम आगाऊ जमवली. मोजक्यांनाच वस्तू मिळाली, आणि २०१९ साली कंपनी अवसायनात निघाली. हळहळीत डोळे भरून आले की खिशाकडे लक्ष राहत नाही, हे व्यापाऱ्याला पक्के ठाऊक असते.

निष्पक्षपणे हेही सांगतो की २०२४ साली दुसऱ्या एका कंपनीने रबरी कळांसकट नवा 'द स्पेक्ट्रम' काढला आणि त्यात 'बेसिक'ही चालते. पण जाहिरातीचा ढोल कशाचा? आत भरलेल्या ४८ खेळांचा. उलट ज्यांना मर्म कळले त्यांनी जुने नावही घेतले नाही. केंब्रिजमध्ये संगणकशास्त्र शिकायला येणाऱ्या मुलांनी आधी स्वतःहून काही रचलेले नसते, ही चिंता एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना लागली. त्यातून २०१२ साली 'रास्पबेरी पाय' हा स्वस्त, उघडावाघडा संगणक आला. २०२० साली त्यांनी 'पाय ४००' काढला, तो तर अख्खा संगणकच कळफलकात बसवलेला. एकाने नाव ठेवून कळफलक काढला, दुसऱ्याने नाव सोडून कळफलक ठेवला. वारस कोण, हे सुज्ञांस सांगणे न लगे.

आता वळतो 'तोतया' म्हणणाऱ्यांकडे. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला, आणि त्याचे सोंग अखेर उघडे पडले. एम्युलेटरची परीक्षा याहून कडक असते, कारण त्याला ओळखायला बसलेले साक्षीदार भावनेला भुलणारे नसतात. ते असतात जुने खेळ आणि जुन्या आज्ञावल्या. ४८ किलोबाइटच्या स्पेक्ट्रममध्ये पडद्याचे एक चित्र उमटेपर्यंत प्रोसेसरचे बरोबर ६९,८८८ ठोके पडतात. त्यातही पडदा रंगवणारी चकती मध्येच स्मृती अडवून धरते आणि प्रोसेसरला ताटकळत ठेवते. काही रचनाकारांनी तो ताटकळण्याचा वेळ हिशेबात धरून आपली करामत बसवली होती. एक ठोका चुकला की रंगाची रेघ सरकते. हे नेमके मोजण्यासाठी हौशी माणसांनी वर्षे घातली. ख्रिस स्मिथ यांनी तर त्या एका चकतीच्या अंतरंगावर २०१० साली स्वतंत्र ग्रंथ लिहिला. कॅसेटवरचा स्पंदनांचा क्रम आणि कालावधी जसाच्या तसा टिपून ठेवण्याची पद्धतही हौशी माणसांनीच बसवली. या कष्टांचे फळ असे की मॅथ्यू स्मिथ यांनी १९८३ साली रचलेला 'मॅनिक मायनर' हा खेळ आज यंत्र नसतानाही त्याच चालीने चालतो. याला रिकामटेकडेपणा म्हणायचे असेल तर पोथ्यांची प्रत करणाऱ्यांनाही रिकामटेकडेच म्हणावे लागेल.

'असेना का,' शहाणे म्हणतील, 'इंग्रज पोरांचा खेळ टिकला, आपल्याला काय त्याचे?' त्याचे आपल्याला हे : तिकडे खेळ टिकला, इकडे साहित्य चालले आहे.

मोडीचे उदाहरण घ्या. राजवाड्यांसारख्या माणसाने दारोदार फिरून कागद गोळा केले. दप्तरे जागेवर आहेत, शाई शाबूत आहे; पण वाचणारे दुर्मीळ झाले आहेत. कागद असून वाचता न येणे याचा अर्थ काय, हे मराठी माणसाला कुणी शिकवायला नको. तरी तीच गत आपण डोळ्यांदेखत पुन्हा करून घेतो आहोत. नव्वदीच्या दशकात आपले दिवाळी अंक, कथासंग्रह, सीमाभागातल्या संस्थांच्या स्मरणिका संगणकावर जुळल्या जाऊ लागल्या. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ सालीच जागा मिळाली होती, पण आमचे छापखाने त्यानंतरही कितीतरी वर्षे आपापल्या कंपनीच्या खासगी टंकांवर चालले. एकाच्या टंकात ज्या आकड्याला 'क' त्याच आकड्याला दुसऱ्याच्या टंकात अर्धा 'श'. आज ती चकती उघडलीच तर मराठीऐवजी रोमन चिन्हांचा चिवडा दिसतो. काही आज्ञावल्यांना तर संगणकाच्या पाठीला लावायचे कुलूप लागे. ते कुलूप हरवले की मालकालाही घर बंद. आमच्याच भागातल्या एका अंकाच्या १९९६च्या चकत्या मी पाहिल्या आहेत. बेळगावच्या पावसाने निम्म्यांवर बुरशी धरली होती. उरलेल्या चालल्या, पण जुळणीची आज्ञावली मिळेना. अंकाची छापील प्रत कुणाच्या माळ्यावर असेल तर असेल.

'छापले म्हणजे टिकले' असे म्हणणाऱ्यांनी सीमाभागातल्या किती वाचनालयांत जुन्या अंकांचे पूर्ण संच आहेत ते आधी मोजावे. आणि जे छापलेच गेले नाही, जागेअभावी गळलेली कथा, संपादकाने कापलेला परिच्छेद, ते कुठल्या माळ्यावर शोधणार?

यावर उपाय आहे, आणि तो त्या तोतयाकडेच आहे. त्या काळचा साधा पीसी, त्या काळची विंडोज, त्यावरची ती जुळणीची आज्ञावली हे सगळे आजच्या संगणकात एम्युलेटरने पुन्हा उभे करता येते. अडते ते परवानगीपाशी आणि आळसापाशी. परवानगीचा धडाही स्पेक्ट्रमनेच घालून दिला आहे. सिंक्लेअरचा संगणक व्यवसाय १९८६ साली अ‍ॅमस्ट्रॅड कंपनीने ५० लाख पौंडांना विकत घेतला होता. १९९९ साली त्याच अ‍ॅमस्ट्रॅडने जाहीर केले की आमची मालकी कायम, मालकीची ओळ पुसू नका, पण स्पेक्ट्रमच्या पोटातली आज्ञावली एम्युलेटरबरोबर खुशाल वाटा. कंपनीचे काय बुडाले? काही नाही. जगाला मात्र एक आख्खे यंत्र मिळाले.

आपल्या मराठी टंकांच्या आणि जुळणीच्या आज्ञावल्यांच्या मालकांकडे माझी हीच मागणी आहे. मालकी ठेवा, पण जी आज्ञावली तुम्ही आता विकत नाही, तिचे कुलूप काढून ती एम्युलेटरमध्ये चालवू द्या, आणि कुठल्या आकड्याला कुठले अक्षर याचे तक्ते प्रसिद्ध करा. छापखानेवाल्यांनी आणि संपादकांनी कपाटातल्या चकत्यांच्या प्रती यंदाच्या पावसाळ्याआधी करून घ्याव्यात. वाचण्याचे पुढे पाहू, आधी बुरशीच्या तोंडून काढू. आमच्या महाविद्यालयांनी संगणक शिकणाऱ्या मुलांना दरवर्षी तोच तो ग्रंथालयाचा नमुना प्रकल्प देण्यापेक्षा अशी एक चकती द्यावी आणि म्हणावे, यातली गोष्ट वाचून दाखव.

आणि ज्यांना स्पेक्ट्रमसाठी गहिवरायचेच आहे त्यांनी जरूर गहिवरावे. मात्र एम्युलेटर उघडून खेळ लावण्याआधी त्या लुकलुकणाऱ्या 'के'पुढे क्षणभर थांबावे, घरातल्या मुलाला शेजारी बसवावे, आणि त्याला एक आज्ञा करू द्यावी.