नियम पालकांना, सूट शाळेला : हमीपत्रावर दुसरी सही कुणाची?

जून महिन्यातली गोष्ट. शाळा सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता. वस्तीतली एक ताई संध्याकाळी आमच्याकडे चार पानांचा कागद घेऊन आली. पोरीला पहिलीत घातले आहे, शाळेने कागद सही करून मागितला आहे. "दादा, काय लिहिलंय ते वाचा अन् सही कुठं करायची तेवढं दाखवा." ताई पहाटे साफसफाईच्या कामाला जाते, दुपारी दोन घरची धुणीभांडी करते. नवरा गवंड्याच्या हाताखाली. तिचे स्वतःचे शिक्षण चौथीपर्यंत.

कागदाचे नाव होते 'विद्यार्थी व पालकांसाठी नियम व सूचना'. एकूण एकवीस नियम. गणवेश आणि वह्या ठरवून दिलेल्या दुकानातूनच घ्याव्यात. गृहपाठ पालकांनी रोज तपासून डायरीत सही करावी. पालकसभेला आई-वडील दोघांनीही हजर राहावे. घरी मुलांशी शुद्ध भाषेत बोलावे. डब्यात मांसाहारी पदार्थ देऊ नयेत. परवानगीशिवाय सलग गैरहजर राहिल्यास नाव कमी केले जाईल. आणि शेवटी, सहीच्या वर : 'वरील सर्व नियम मान्य असून शाळेच्या कोणत्याही निर्णयाबाबत आम्ही तक्रार करणार नाही.'

आम्ही तो कागद दोनदा वाचला. एकवीस नियमांत शाळा काय करील हे सांगणारा एकही नियम नव्हता. मुलीला मारणार नाही, असे नाही. तिला वेगळे बसवणार नाही, असे नाही. पिण्याचे पाणी, स्वच्छ शौचालय, पूर्ण वेळ शिक्षक मिळेल, असे नाही. तक्रार कुणाकडे करायची तेही नाही. सगळी कर्तव्ये पालकांची, सगळे अधिकार शाळेचे. मित्रांनो, कर्तव्य एका बाजूला आणि अधिकार दुसऱ्या बाजूला, ही वाटणी आपल्याला नवी आहे का? हजारो वर्षे आपण दुसरे काय भोगले?

नियमातली जात

यात जात कुठे आली, असे कुणी विचारील. शिस्त सगळ्यांनाच सारखी, असे म्हणेल. नियम सगळ्यांना सारखा असतो, पण तो कुणाचे घर समोर ठेवून लिहिला, हे पाहावे लागते. 'पालकांनी गृहपाठ तपासावा' हा नियम ज्या घरात आई-वडील शिकलेले आहेत आणि संध्याकाळी मोकळे आहेत, ते घर समोर ठेवून लिहिलेला आहे. 'दोघांनीही सभेला यावे' हा नियम ज्यांना पगारी रजा मिळते त्यांच्यासाठी आहे. ताईने खाडा केला तर त्या दिवसाची मजुरी जाते. 'शुद्ध भाषा' म्हणजे कुणाची भाषा, आणि डब्यात काय चालणार नाही म्हणजे कुणाच्या चुलीवरचे चालणार नाही, हे तर सांगायलाच नको. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिअर बोर्द्यू यांनी घरातून मिळणाऱ्या भाषेला, सवयींना, पुस्तकांच्या ओळखीला 'सांस्कृतिक भांडवल' म्हटले. शाळा ते भांडवल देत नाही, पण मागते मात्र सगळ्यांकडून. ज्याच्याकडे नाही त्याला 'घरचे वातावरण नाही' असा शेरा मिळतो. पूर्वी शाळेच्या दारात अडवत. आता दार उघडे आहे, उंबरठा मात्र वाढवला आहे.

इतिहास काय सांगतो?

१८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला, तो नाकारला गेला. मुंबई सरकारने मान्य केले की न्याय त्या मुलाच्या बाजूने आहे. तरी त्याला घेतले तर बाकीच्यांना ती शाळा निरुपयोगी होईल, या भीतीने सरकारने हात झटकले. न्याय मान्य, प्रवेश अमान्य!

आपल्या नगरचा इतिहास वेगळाही आहे. १८४८ साली महात्मा जोतीराव फुले आपले मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्याकडे नगरला आले. इथे त्यांनी अमेरिकन मिशनच्या मिस फरार यांच्या मुलींच्या शाळा पाहिल्या आणि त्याच वर्षी पुण्यात मुलींची शाळा काढली. याच नगरमध्ये १८४२ साली सुरू झालेल्या 'ज्ञानोदय'ने १८५५ साली फुल्यांच्या शाळेतील मातंग विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिचा निबंध छापला. महार-मांगांच्या दुःखाविषयी लिहिणाऱ्या त्या मुलीच्या आईबापाला, 'तुम्हाला गृहपाठ तपासता येतो का?' असे कुणी विचारले असते, तर तो निबंध लिहिला गेला असता का?

राजर्षी शाहू महाराजांनीही पालकांसाठी नियम केला होता. १९१७ साली त्यांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड ठेवला. पण महाराजांनी पालकावर बंधन घालताना शिक्षणाचा खर्च संस्थानावर घेतला, आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत आणण्याचा हुकूम काढला. आधी सत्तेने स्वतःला बांधून घेतले, मग पालकाला बांधले. आजच्या शाळा शाहू महाराजांचा फोटो लावतात आणि त्यांच्या नियमाचा अर्धाच भाग पाळतात.

बाबासाहेबांनी १९२७ साली मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना दाखवून दिले होते की, प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी अवघी १८ चौथीपर्यंत पोचतात. उरलेल्या ८२ जणांचा दोष त्यांनी आईबापाच्या माथी मारला नाही. त्यांनी सरकारकडे हिशेब मागितला, अधिक पैसा मागितला. हिशेब वरच्याकडे मागायचा, खालच्याकडे नाही, हा आंबेडकरी विचार आहे.

कायद्याने कुणाला बांधले आहे?

२००९ चा शिक्षण हक्क कायदा उघडून पाहा. पालकाच्या वाट्याला मुख्यतः एक कर्तव्य आहे : कलम १० नुसार मुलाला शाळेत दाखल करणे. शाळेची, शिक्षकांची आणि सरकारची कर्तव्ये मात्र पानोपानी आहेत. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही (कलम १४). प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकाची परीक्षा, मुलाखत घेता येत नाही (कलम १३). प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही (कलम १६). मारता येत नाही, मानसिक छळ करता येत नाही (कलम १७). शिक्षकाने वेळेवर यावे, अभ्यासक्रम पूर्ण करावा, मागे राहिलेल्या मुलाला जादा शिकवावे, आणि पालकांना भेटून मुलाची प्रगती सांगावी (कलम २४). म्हणजे पालकसभा हे शिक्षकाचे कर्तव्य आहे, पालकाची हजेरी घेण्याचा कार्यक्रम नव्हे! पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस, सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा चालली पाहिजे. तक्रारीचा हक्क कलम ३२ देते आणि तिचा निकाल तीन महिन्यांत लावायला सांगते. आता ताईच्या कागदावरचे शेवटचे वाक्य पुन्हा वाचा. संसदेने दिलेला हक्क शाळेच्या झेरॉक्सवर सही करून संपत नसतो.

धर्माचेही तसेच. संविधानाच्या कलम २८ नुसार, सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत मुलाला पूजेला किंवा धार्मिक शिकवणीला बसवायचे तर पालकाची संमती लागते. किती शाळा ही संमती विचारतात? बौद्ध घरातली पोरे मुकाट्याने हात जोडून उभी राहतात, कारण नको म्हणायचा हक्क त्यांना कुणी सांगितलेलाच नाही.

शाळेची शिस्त कोण तपासणार?

२८ ऑगस्ट २०१७ रोजी नगरजवळच्या निंबोडी येथील जिल्हा परिषद शाळेचे छत कोसळले. तीन विद्यार्थी मेले. ती मुले त्या दिवशी गैरहजर नव्हती. ती वेळेवर आली होती, वर्गात बसली होती. नियम मुलांनी पाळला, मोडला तो व्यवस्थेने. प्रत्येक ऋतूत टिकेल अशी इमारत, ही शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातली अट आहे.

गैरहजेरीचेच बघा. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. ज्या जिल्ह्यात सहकारी साखर कारखानदारी उभी राहिली, त्याच जिल्ह्यातल्या कोयत्याची पोरे फडात वाढे गोळा करतात. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृह आहे, शिक्षण हमी कार्ड आहे, पण कागदावर. टोळी निघण्याआधी किती गावांत पालकांना बोलावून या योजना सांगितल्या जातात? उलट मार्चमध्ये पोर परत आले की ऐकवले जाते, 'तुमच्या लोकांना शिक्षणाची किंमतच नाही.' आणि २०२३ च्या बदलानंतर राज्यात पाचवी आणि आठवीला नापास करण्याची सोयही परत आली आहे. फेरपरीक्षेत न निघालेले मूल त्याच वर्गात बसणार. चार महिने फडात राहिलेले पोर कोणत्या यादीत जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

सरकारची शिस्त तरी काय वर्णावी! अनुसूचित जाती-जमाती, भटक्या जमाती आणि दारिद्र्यरेषेखालील घरांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना हजर राहिल्याबद्दल दिवसाला १ रुपया उपस्थिती भत्ता देण्याची योजना १९९२ पासूनची आहे. महागाई कुठून कुठे गेली, रुपया तिथेच राहिला. २०२४-२५ मध्ये 'एक राज्य, एक गणवेश' आणला. कित्येक शाळांत गणवेश महिनोन् महिने आले नाहीत, आले ते मापाचे नव्हते. वर्ष संपायच्या आत निर्णय मागे घेऊन काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे द्यावे लागले. पोर गणवेशाविना आले तर पालकाला चिठ्ठी. सरकारचा गणवेश आला नाही तर चिठ्ठी कुणाला?

आणि सर्वांत मोठी बेशिस्त ९ फेब्रुवारी २०२४ ची. त्या दिवशी राज्य सरकारने नियम बदलून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेला वंचितांच्या २५ टक्के जागांतून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी तो बदल रद्द केला. पालक आणि संघटना न्यायालयात गेल्या म्हणून हक्क वाचला. पालक तक्रार न करता गप्प बसले असते तर? म्हणूनच हमीपत्रात 'तक्रार करणार नाही' हे वाक्य असते.

मग नियम नकोतच का?

तसे आम्ही म्हणत नाही. पोरगी वेळेवर गेली पाहिजे, रोज गेली पाहिजे, स्वच्छ गेली पाहिजे. ज्या बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या तरटावर बसावे लागले, शिपाई नसेल तर तहानलेले राहावे लागले, त्यांची लेकरे आपण. शाळा चुकवणे आपल्याला परवडणारे नाही. प्रामाणिकपणे शिकवणारे शिक्षक जिल्ह्यात आहेत, माहित्या भरता भरता त्यांचा तास जातो, हेही आम्हाला ठाऊक आहे. त्यांच्याशी आपले भांडण नाही. भांडण एकतर्फी कागदाशी आहे.

आणि थोडे भांडण स्वतःशीही आहे. जयंतीची वर्गणी गोळा करायला आपल्या गल्लीत तीस पोरे निघतात. शाळा व्यवस्थापन समितीच्या निवडीला किती जातात? या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात, वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या मुलांच्या प्रमाणात जागा द्याव्या लागतात. अध्यक्ष पालकांतूनच होतो. एवढी सत्ता कायद्याने दारात आणून ठेवली, आणि आपण ती गावच्या पुढाऱ्याच्या मेहुण्याला देऊन टाकली. आपली नोकरदार मंडळी तर जिल्हा परिषदेच्या शाळेकडे पाठ फिरवून मोकळी झाली. शाळा ओस पडली की पटसंख्येच्या नावाखाली ती बंद करायला कारण मिळते, आणि वस्तीतल्या शेवटच्या पोरीची शाळा लांब जाते.

म्हणून प्रत्येक तालुक्यातल्या आंबेडकरी तरुणांपुढे आम्ही चार कामे ठेवतो. एक, जूनमध्ये वस्तीतल्या प्रत्येक घरी जाऊन शाळेने दिलेला कागद वाचून दाखवा. वाचल्याशिवाय सही नाही. दोन, सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत आपल्या आयाबहिणींना उभे करा, आणि त्यांना बैठकीचे इतिवृत्त मागायला शिकवा. तीन, खासगी विनाअनुदानित शाळेत ही समिती नसते, पण शिक्षक-पालक संघ असतो. तिथे फीचा आणि ठरावीक दुकानाचा प्रश्न लेखी विचारा. चार, ऊसतोडीला निघणाऱ्या घरांची यादी दिवाळीआधी मुख्याध्यापकाकडे द्या, हंगामी वसतिगृहाची मागणी करा, आणि पोच घ्या.

ताईचे पुढे काय झाले? आम्ही तिला शेवटचे वाक्य खोडायला सांगितले. खाली तिने स्वतःच्या हाताने, चौथीच्या अक्षरात, दोन ओळी लिहिल्या : माझ्या मुलीला मारणार नाही आणि वेगळे बसवणार नाही, असे शाळेनेही लिहून द्यावे. शाळेने कागद घेतला, काही बोलली नाही. मुख्याध्यापकांची सही अजून आलेली नाही. पण पोरगी रोज शाळेत जाते, आणि ताई दर शनिवारी कामावरून परस्पर शाळेत जाऊन विचारते, "सर, सही झाली का?"

एक आई एकटी विचारते तेव्हा तिला 'कटकटी' म्हणतात. दोनशे आया विचारतील तेव्हा नियम बदलेल. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये भिवाचे नाव लागले. तो दिवस महाराष्ट्र विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. यंदा त्या दिवशी भाषणे थोडी कमी करा, आणि आपल्या गावच्या शाळेत जाऊन एवढेच विचारा : पालकांची सही झाली, शाळेची कधी होणार?

जय भीम! जय संविधान!