मंत्रचळावर ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी: भांडगावातल्या रुग्णाला तिचा उपयोग किती?

"डॉक्टर, हाताला भेगा पडल्यात, मलम द्या." दवाखान्यात ही तक्रार रोजचीच. साबण, डिटर्जंट, शेतातलं काम, अशी कारणं समोर दिसत असतात, म्हणून आम्ही जनरल प्रॅक्टिस करणारे डॉक्टर मलम लिहून मोकळे होतो. मीही झालो आहे. "दिवसातून किती वेळा हात धुता?" हा एक प्रश्न विचारला असता, तर त्यातल्या काही जणांचा खरा आजार त्वचेचा नसून ओसीडीचा, म्हणजे मराठीत ज्याला मंत्रचळ म्हणतात त्याचा आहे, हे काही वर्षं आधी कळलं असतं.

अलीकडे या आजारावर 'ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी' म्हणजे एआर वापरून उपचार करता येतील, अशा बातम्या येत आहेत. त्या वाचून नातेवाईक विचारतात, "तो चष्मा आपल्याकडे मिळतो का?" त्या प्रश्नाचं हे सविस्तर उत्तर.

ओसीडीमध्ये नेमकं काय होतं?

नको असलेला विचार पुन्हा पुन्हा मनात येतो आणि प्रचंड अस्वस्थ करतो. ती अस्वस्थता घालवण्यासाठी माणूस एखादी कृती करतो: हात धुणं, कडी तपासणं, मोजणं, मनात जप करणं, घरच्यांना तेच तेच विचारणं. कृती केली की थोडा वेळ बरं वाटतं, आणि इथेच सापळा आहे. 'धुतलं म्हणून वाचलो' असं मेंदू शिकतो आणि पुढच्या वेळी अधिक जोराने धुवायला लावतो. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात सुमारे ०.८ टक्के प्रौढांना हा आजार आहे. म्हणजे हजार प्रौढांमागे आठ. तुमच्या गावातही असे रुग्ण असणारच. 'सोवळं फार पाळते' किंवा 'स्वभावच चिकित्सक आहे' अशा शब्दांआड ते झाकलेले असतात.

मूळ उपचार जुना आणि साधा आहे

१९६६ मध्ये लंडनमध्ये व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञाने दोन रुग्णांवरच्या उपचाराची माहिती प्रसिद्ध केली. त्यांना भीती वाटणाऱ्या गोष्टींना हात लावायला सांगितलं आणि नंतर धुण्यापासून रोखलं. आज याला 'एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन' किंवा ईआरपी म्हणतात: भीतीला सामोरं जायचं, पण ठरलेली कृती करायची नाही. अस्वस्थता आधी वाढते, मग बऱ्याचदा आपोआप ओसरते. ती पूर्ण ओसरली नाही तरी 'न धुताही हे सहन होतं' हे मेंदू शिकतो.

हे एकदम होत नाही, पायरीपायरीने होतं. समजा भांडगावातल्या एका गृहिणीला घरात कीटकनाशक पसरेल याची भीती आहे. नवरा उसाच्या शेतातून आला की ती उंबरा, कडी, नळ, सगळं धूत बसते. तिची पहिली पायरी असेल नवऱ्याने आंघोळीनंतर हात लावलेल्या कडीला स्पर्श करणं. पुढची पायरी, त्याच हाताने भाकरी थापणं. फवारणीचा पंप किंवा औषधाची बाटली हाताळणं ही पायरी कधीच नसते. फवारणीनंतर अंग आणि कपडे धुणं ही शहाणपणाची सवय आहे, ती मोडायची नाही. खरा धोका आणि आजाराने फुगवलेला धोका यातली रेघ थेरपिस्ट रुग्णासोबत आखतो.

मग एआर यात कुठे बसतं?

इन्स्टाग्रामवर तुमच्या खऱ्या चेहऱ्यावर सशाचे कान दिसतात, ते एआर. व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीमध्ये तुम्ही पूर्णपणे खोट्या जगात जाता. एआरमध्ये जग तुमचंच असतं आणि त्यात एखादीच खोटी गोष्ट मिसळलेली असते.

ओसीडीसाठी हा फरक महत्त्वाचा आहे, कारण ही भीती अनेकदा ठरावीक जागेला चिकटलेली असते. वर सांगितलेल्या गृहिणीला परक्या, संगणकात बनवलेल्या स्वयंपाकघराची फारशी भीती वाटणार नाही. तिच्या स्वतःच्या ओट्यावर डाग दिसला तर वाटेल. एआर नेमकं तेच करू शकतं, आणि तो डाग किती मोठा दाखवायचा हेही थेरपिस्टला ठरवता येतं.

स्पेनमध्ये क्रिस्टिना बोतेया आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये झुरळांच्या भीतीवर एआर वापरल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. रुग्णाला स्वतःच्या हातावर झुरळं फिरताना दिसायची. मात्र एका गोष्टीची भीती वेगळी आणि ओसीडी वेगळा. ओसीडीवरचे एआरचे अभ्यास अजून छोटे आहेत आणि बहुतेक अस्वच्छतेच्या भीतीपुरते आहेत. ईआरपीच्या जागी एआर वापरावं, असं म्हणण्याइतका पुरावा आज नाही.

एआर कुठे अडतं?

पहिली अडचण स्पर्श आणि वासाची. डोळ्यांना दिसणारी घाण हाताला लागत नाही, आणि 'हे खोटंच आहे' असं म्हणून रुग्ण सुटू शकतो. २०२० मध्ये बालंद जलाल आणि मूळचे तमिळनाडूचे मेंदूतज्ज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांच्या गटाने अमेरिकेतल्या मॅक्लीन रुग्णालयाच्या २९ ओसीडी रुग्णांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. रुग्णाचा खरा हात आडोशाला ठेवून समोर रबरी हात ठेवला. दोन्हींवर एकाच वेळी ब्रश फिरवला की रबरी हात आपलाच वाटू लागतो. मग त्या रबरी हाताला खोटी विष्ठा लावली. रुग्णांना खरीखुरी किळस आली. मेंदूला फसवायला महागडं यंत्रच लागतं असं नाही, पण डोळ्यांसोबत स्पर्शाची साथ लागते, हे यातून दिसतं.

दुसरी अडचण, सगळा ओसीडी डोळ्यांना दिसत नाही. 'माझ्या हातून बाळाला इजा होईल का', 'देवाबद्दल मनात घाण विचार का येतात', असे विचार कोणता चष्मा दाखवणार? असे विचार येणं म्हणजे तुम्ही वाईट आहात असं नाही. ते तुम्हाला छळतात याचाच अर्थ ते तुमच्या इच्छेविरुद्ध आहेत.

तिसरी अडचण टिकाऊपणाची. एआर संशोधनात वापरला गेलेला मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स २ सुमारे ३,५०० डॉलरचा होता. २०२४ मध्ये कंपनीने त्याचं उत्पादन थांबवलं. रुग्णालयाने चष्मा घेतला आणि कंपनीने हात काढून घेतला, तर पुढे काय?

खरी टंचाई चष्म्याची नाही

भारतात लाख लोकसंख्येमागे मानसोपचारतज्ज्ञ एकही भरत नाही. प्रमाण सुमारे ०.७५ आहे. ईआरपी शिकलेले थेरपिस्ट त्याहून कमी. या उपचाराच्या साधारण १२ ते २० बैठका लागतात. भांडगाव पुणे-सोलापूर महामार्गावर आहे, यवत किंवा केडगावहून रेल्वेही मिळते. तरी दर आठवड्याला पुण्याला जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडणार, आणि 'कुठे जाते गं सारखी?' या प्रश्नाला उत्तर द्यावं लागणार. अनेकांचे उपचार इथेच सुटतात.

म्हणून माझ्या मते गावासाठी आजचं उपयोगी तंत्रज्ञान एआर नाही, साधा व्हिडिओ कॉल आहे. मार्च २०२०च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनंतर डॉक्टरांना असा सल्ला देण्याची स्पष्ट चौकट मिळाली आहे. फोन ओट्यावर टेकवून ठेवला की पुण्यातला थेरपिस्ट तुमच्या नळापर्यंत पोहोचतो. नळ खरा, कडी खरी, भीतीही खरी. उद्या एआर स्वस्त झालं, तर ते या कामातली एक मधली पायरी होईल. पायऱ्या चढवणारा माणूस मात्र लागेलच.

एक सावधगिरी. फोन स्वतःच आजाराचं साधन होऊ शकतो. गॅस बंद केल्याचा फोटो काढून दिवसभर तो पाहणं ही तपासणीच आहे. 'ओसीडी बरा करा' म्हणणारं कुठलंही अ‍ॅप स्वतःच्या मनाने सुरू करू नका.

आज तुम्ही काय करू शकता?

स्वतःला किंवा घरातल्या माणसाला हे विचारून पाहा:

- धुणं, पुसणं, तपासणं गरजेपेक्षा खूप जास्त होतं का?
- नको असलेला विचार झटकूनही जात नाही का?
- रोजची कामं संपायला फार वेळ लागतो का?
- यात दिवसाचा तासभर किंवा जास्त वेळ जातो का?

उत्तर 'हो' असेल तर:

- तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना हातांबरोबर ही सवयही सांगा. आम्ही विचारलं नाही, तरी सांगा.
- 'टेली-मानस'च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर २४ तासांत कधीही फोन करा. मराठीत बोलता येतं.
- पुण्यात ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे.
- औषधं दिली असतील तर धीर धरा. ओसीडीत फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागू शकतात. मनाने बंद करू नका.
- घरच्यांनी 'हो गं, स्वच्छ आहे' असं पन्नास वेळा सांगणं मायेचं असतं, पण त्याने आजार पोसला जातो. ते एकदम तोडू नका. कसं कमी करायचं हे थेरपिस्टकडून शिका.
- जीव नकोसा झाल्याचं कुणी बोललं, तर त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

चष्मा येईल तेव्हा येईल. ईआरपी आणि औषधं आजही आहेत, आणि त्यांनी बऱ्याच रुग्णांचं आयुष्य पुन्हा रुळावर येतं. त्यासाठी पहिलं वाक्य तुमच्याकडून हवं: "डॉक्टर, मला हात धुणं थांबवता येत नाही." ते ऐकलं की मलमाच्या आधी मी दुसरी चिठ्ठी लिहीन, मानसोपचारतज्ज्ञांच्या नावाची.