दहा मिनिटांचं चायनीज

आमच्या न्यू जर्सीतल्या गावात एक छोटंसं चायनीज टेकआउट आहे. बसायला जागा नाही. एक काउंटर, वर पदार्थांचे फिकट पडलेले फोटो आणि काउंटरमागे एक बाई. मान वाकडी करून तिने फोन खांद्याशी धरलेला असतो. तोंडाने ऑर्डर घेणं चालू आणि दोन्ही हातांनी मटारच्या चपट्या शेंगांच्या शिरा ओढणं चालू. पुढ्यात हे एवढं मोठं घमेलं! तिच्या मागे मोठ्या जाळावर तिचा नवरा कढई उडवत असतो. आलेली गिऱ्हाइकं त्याच्याकडे बघत उभी राहतात. जाळ दिसतो ना! शेंगांकडे कोण बघणार? मीही कधी बघितलं नव्हतं.

२०२० साली लॉकडाउनमध्ये ते दुकान काही महिने बंद होतं. आमच्याकडे नवऱ्याला आणि लेकीला दर शनिवारी तिथलं बीफ अँड ब्रोकोली लागायचं. (मी बीफ खात नाही, ते दोघं खातात. त्यावरून आमच्या घरात जे काय वाद व्हायचे ते केव्हाच होऊन गेले. गंमत म्हणजे चीनमध्येही शेतात राबणारा बैल खाणं पूर्वी वाईटच मानत. तिथे मांस म्हणजे मुख्यतः डुकराचं. बीफ आणि ब्रोकोलीची जोडी जमली ती इथे अमेरिकेत.) शेवटी नवऱ्याने चार व्हिडिओ बघितले आणि जाहीर केलं, "अगं, यात काही नाही. दहा मिनिटांत होतं. मी करतो."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! पण लगेच पुढचं वाक्य आलं, "तू फक्त तेवढं चिरून ठेव."

या 'तेवढं'मध्ये काय काय येतं ते सांगते. फ्लँक स्टेक म्हणजे जनावराच्या पोटाकडचा चपटा तुकडा. त्याचे धागे लांबच लांब. ते धाग्यांच्या आडवंच कापावं लागतं, नाहीतर चावून चावून जबडा दुखतो. काप हवेत पातळ, आणि मऊ मांस तर सुरीखाली सरकतं. म्हणून आधी अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवून ते जरा कडक करायचं. मग अर्ध्या किलोला अर्धा चमचा खायचा सोडा, थोडा सोया सॉस, कॉर्नफ्लोअर आणि तेल चोळून पुन्हा अर्धा तास मुरवायचं. टेकआउटमधलं मांस इतकं मऊ कसं, याचं बरंचसं उत्तर या सोड्यात आहे. सोड्याने वरचा थर जरा अल्कधर्मी होतो आणि तापल्यावर आतली प्रथिनं घट्ट आवळली जात नाहीत.

मग ब्रोकोली. तुरे सारख्या आकाराचे सोडवायचे, देठं सोलून तिरपे काप करायचे, मिठाच्या उकळत्या पाण्यातून मिनिटभर काढायचे आणि कापडावर पसरून कोरडे करायचे. ओली ब्रोकोली कढईत पडली की परतणं संपलं, वाफवणं सुरू. लसूण, आलं, पातीचा कांदा, सगळं बारीक. सॉस वेगळा कालवून ठेवायचा : सोया, ऑयस्टर सॉस, थोडी वाइन, चिमूटभर साखर, कॉर्नफ्लोअर, दोन-चार चमचे स्टॉक. सगळ्या वाट्या शेगडीपाशी ओळीने मांडायच्या. पूजेची तयारी करतो ना आपण, तश्शी! हळदकुंकू, अक्षता, फुलं, पंचामृत... यजमान आले की नुसतं 'समर्पयामि' म्हणायला मोकळे.

मुरवण्याचा वेळ धरला तर माझा सव्वा-दीड तास गेलेला असतो. मग आमचे यजमान एप्रन बांधून येतात. घरच्या शेगडीला हॉटेलसारखा जाळ नसतो, त्यामुळे मांस दोन खेपांत परतावं लागतं. एकदम टाकलं तर पाणी सुटतं आणि ते आपल्याच पाण्यात शिजत बसतं. हे त्याला पक्कं कळलं होतं आणि परततो तो सुरेखच, खोटं कशाला बोलू? आठ मिनिटांत डिश टेबलावर. नवव्या मिनिटाला फोटो फॅमिली ग्रुपवर. दहाव्या मिनिटाला सांगलीहून माझ्या सख्ख्या आईचा मेसेज, 'जावईबापूंच्या हाताला चव आहे हो!'

इथवर मी हसून सोडलं होतं. पण मग लेकीने शाळेसाठी घराविषयी चार ओळी लिहिल्या, त्यात होतं, 'वीकेंडला बाबा स्वयंपाक करतो आणि आई त्याला मदत करते.' तिचं काही चुकलं नव्हतं. तिला जे दिसलं ते तिने लिहिलं. मला मात्र ते लागलं. ज्या पदार्थाचा घासही मी खात नाही, त्याचं मांस धाग्याच्या आडवं कापत मी तासभर उभी असते आणि मी मदतनीस! शिवाय मनात आलं, उद्या हिच्या घरात हिने चिरलेलं कोणी मोजलं नाही, तर निदान हिला तरी ते मोजता येईल का?

ही चूक एकट्या आमच्या घरातली नाही. कुठलीही पाककृती काढून बघा, अगदी आपल्या पुरवण्यांमधलीसुद्धा. वर 'वेळ : १० मिनिटं'. खाली साहित्य : बारीक चिरलेला कांदा, निवडलेली मेथी, खवलेला नारळ, भिजवलेली डाळ. कृती सुरू होते ती तेल तापवण्यापासून. अहो, पण हा चिरलेला कांदा चिरला कोणी? नारळ काय खवलेलाच झाडावरून पडतो? सगळी मेहनत त्या 'लेला-लेली'त बसवून टाकलेली आणि कर्ता गायब. आमच्या सासूबाई म्हणायच्या, "फोडणी काय गं, शेजारीणही देऊन जाईल. अळू सोलायला कोणी येत नाही." हाताला खाज सुटलेली असायची तेव्हा म्हणायच्या.

'स्टर-फ्राय' हा शब्द इंग्रजीत आला कुठून, तर तोही एका बाईच्या स्वयंपाकघरातून. बुवेई यांग चाओ तिचं नाव. टोकियोत शिकून डॉक्टर झालेली. जपानमधलं जेवण घशाखाली उतरेना म्हणून तिथे स्वयंपाक शिकली. पुढे नवऱ्याबरोबर अमेरिकेत आली आणि १९४५ साली 'हाउ टू कुक अँड ईट इन चायनीज' हे तिचं पुस्तक निघालं. 'द गुड अर्थ'वाल्या पर्ल बक यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. मजकूर इंग्रजीत आणला तिच्या मुलीने आणि चिनी 'छाओ'ला 'स्टर-फ्राय' हा शब्द शोधला तो भाषातज्ज्ञ नवऱ्याने. म्हणजे शब्दाचं श्रेय तिथेही विभागलेलंच! पण या क्रियेचं वर्णन करताना मोठा जाळ, थोडं तेल, सतत हलवणं याच्याबरोबर 'कापलेले जिन्नस' हेही पुस्तकात नोंदवलंय. जिन्नस कापलेला नसेल तर स्टर-फ्राय होतच नाही. मुळात इतका पातळ कापायचा तो यासाठीच, की जाळावर त्याला जेमतेम वेळ लागावा. जाळाची ती दहा मिनिटं सुरीने आधीच कमावलेली असतात.

कँटोनीज हॉटेलांच्या स्वयंपाकघरात हे नीट ओळखलेलं आहे. तिथे कढईवरचा आचारी वेगळा आणि चॉपिंग बोर्डवरचा वेगळा. बोर्डवरच्या मुख्य माणसाला मोठा मान असतो. कुठला जिन्नस किती आणि कसा कापायचा, काय मुरवायचं, हे तो ठरवतो आणि त्याचा पगार घेतो. तेच काम घरी आलं की त्याचं नाव 'जरा तेवढं चिरून ठेव'.

यावर मैत्रिणी सुचवतात, कापलेल्या भाज्यांची पाकिटं आण ना. आणून पाहिली. तुकडे लहानमोठे, भाजी ओलसर, पैसे जास्त. आणि मांसाचं काय? ते कापायला मीच.

मग एका शनिवारी मी म्हटलं, "आज तेवढंही तूच कर." नवरा म्हणाला, "हात्तिच्या!" मी चहा घेऊन बाहेरच्या खोलीत बसले. आतून तीनदा हाक आली. सोडा कुठे आहे, सोलाणं कुठे आहे, ब्रोकोलीची देठं टाकायची का. चौथ्यांदा जळका वास आला. तेलात लसूण टाकून हा आलं किसायला बसला होता! मांस धाग्यांच्या बाजूनेच कापलेलं. एक तास पन्नास मिनिटांनी आम्ही जेवायला बसलो. बापलेक बराच वेळ चावत होते. ग्रुपवर फोटो गेला नाही.

भांडण वगैरे काही झालं नाही. तो वाईट माणूस नाही हो, आपणच स्वयंपाक करतो असं त्याला खरोखरच वाटत होतं. पण तेव्हापासून आमच्याकडे ठरलंय : ज्याची कढई त्याचीच सुरी. आता शनिवारी साडेपाचलाच मांस फ्रीजरमधून बाहेर निघतं आणि लेक ब्रोकोलीचे तुरे सोडवायला बसते. परवा सांगत होती, "आई, देठं सोलायलाच जास्त वेळ लागतो गं." त्याचे काप अजून थोडे जाड येतात, पण आडवे येतात.

माझ्यासाठी वेगळा टोफू असतो. तो मात्र माझा मीच चिरते. त्याच्या हातून त्याचा भुगा होतो.