फोटोत तुम्ही तुम्हीच दिसा

घरगुती बेकरी असो, ट्यूशन असो, योगवर्ग असो की फ्रीलान्स काम, आजकाल ग्राहक आधी तुमचा प्रोफाइल फोटो पाहतो आणि मगच फोन करतो. त्यामुळे पर्सनल ब्रँडिंग फोटोशूट आता मोठमोठ्या साहेबांपुरतं राहिलेलं नाही. दिल्लीतल्या द्वारकेचंच बघा ना. १७ सप्टेंबर २०२३ला सेक्टर २५मध्ये यशोभूमी कन्व्हेन्शन सेंटरचं उद्घाटन झालं. अशा ठिकाणच्या प्रदर्शनात छोटासा स्टॉल लावायचा म्हटलं, तरी बॅनरसाठी तुमचा एक चांगला फोटो हाताशी असलेला बरा.

पण फोटोग्राफरने ‘स्माइल प्लीज’ म्हटलं की खांदे आपोआप वर जातात, हातांचं काय करावं ते सुचत नाही आणि चेहऱ्यावर आधार कार्डावरचा भाव येतो. असं का होतं? लग्न, बारसं, गणपती अशा प्रसंगी आपले बहुतेक फोटो कुणाची तरी आई, सून किंवा वहिनी म्हणून काढलेले असतात. फक्त स्वतःच्या कामासाठी, एकटीने कॅमेऱ्यासमोर उभं राहायची वेळ अनेकींवर पहिल्यांदाच येते. मग अवघडल्यासारखं होणारच. हे अवघडलेपण कमी कसं करायचं, ते पाहूया.

स्वतःचा फोटो का आवडत नाही?

आपण रोज स्वतःला आरशात, म्हणजे उलटं पाहतो. फोटोत मात्र आपण इतरांना दिसतो तसे दिसतो. १९७७मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थिनींना त्यांचेच दोन फोटो दाखवले होते, एक सरळ आणि एक आरशातल्यासारखा. बऱ्याच जणींना आरशातला आवडला, तर त्यांच्या मित्रमैत्रिणींची पसंती सरळ फोटोला होती. म्हणजे दोष चेहऱ्याचा नाही, सवयीचा आहे. म्हणूनच शूटनंतर फोटो निवडताना एखादी मैत्रीण सोबत घ्या.

सेल्फीवरूनही स्वतःला जोखू नका. २०१८मध्ये अमेरिकी संशोधकांनी गणित मांडून दाखवलं, की दीड मीटरवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत सुमारे ३० सेंटीमीटरवरून काढलेल्या सेल्फीत नाक जवळपास ३० टक्के रुंद दिसतं. फोटोग्राफरला निदान दीड मीटर लांब उभं राहायला सांगा. चेहरा नैसर्गिक दिसेल आणि तुम्हालाही मोकळा श्वास घेता येईल.

हातांना काम द्या

भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाय व्यारावाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या आणि १९४२पासून अनेक वर्षं दिल्लीत काम करत होत्या. त्यांचा कबुतर सोडणाऱ्या पंडित नेहरूंचा फोटो खूप गाजला. त्यात नेहरूंचे हात आणि लक्ष दोन्ही कबुतराकडे आहेत. यातून आपणही शिकू शकतो. बेकरी असेल तर केकवर क्रीम लावा, शिकवत असाल तर फळ्यावर लिहा, शिवणकाम असेल तर कापडावर खडूने खुणा करा. काम सुरू झालं की दोन मिनिटांत कॅमेऱ्याचा विसर पडतो.

हसू धरून ठेवू नका

फ्रेंच डॉक्टर द्युशेन यांनी १८६२मध्येच लिहून ठेवलं होतं, की मनापासून हसताना ओठांबरोबर डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकसतो. फक्त ओठ ताणले की हसू खोटं वाटतं. म्हणून क्लिक होईपर्यंत हसू ताणून धरू नका. मान वळवा, श्वास सोडा आणि मग कॅमेऱ्याकडे पाहा. फोटोग्राफरला सांगा, ‘मला माझ्या पहिल्या ग्राहकाबद्दल विचारा.’ उत्तर देताना जो चेहरा होतो, तोच तुमचा खरा फोटो. पहिली दहा-पंधरा मिनिटं फक्त सरावाची आहेत, असं आधीच ठरवलंत तर दडपणही उतरतं.

जागा ओळखीची, वेळ सोयीची

स्टुडिओच हवा असं काही नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून येणारा मऊ उजेडही पुरतो, फक्त खोलीतला दिवा बंद करा. बाहेर शूट करायचं असेल तर दिल्लीच्या हिवाळ्यात पहाटेच्या धुक्यावर भरवसा ठेवू नका. डिसेंबरमध्ये सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, त्यामुळे दुपारी चार ते पाच ही वेळ उत्तम. द्वारका विमानतळाला लागून आहे. व्हिडिओही करणार असाल तर डोक्यावरून विमान जाईपर्यंत थांबायची तयारी ठेवा. मेट्रो स्टेशनवर व्यावसायिक शूटसाठी परवानगी लागते. सोसायटीच्या बागेतही आधी विचारून घ्या, म्हणजे मध्येच कुणी हटकणार नाही.

कपडे रोजचेच, पण नेटके

शूटच्या दिवशी कोरी साडी किंवा पहिल्यांदाच घातलेला ब्लेझर नको. सारखा पदर नाहीतर कॉलर सावरण्यात लक्ष जातं. ग्राहकाला भेटायला जे घालता तेच घाला, फक्त इस्त्री करून. चश्मा रोज लावत असाल तर फोटोतही असू द्या.

एडिटिंगबद्दलही आधीच बोलून घ्या. त्या दिवशी आलेली पुटकुळी काढायला हरकत नाही. पण तीळ, डोळ्यांजवळच्या रेषा आणि त्वचेचा रंग आहे तसाच राहू द्या. फोटो पाहून आलेल्या माणसाने दार उघडताच तुम्हाला ओळखलं पाहिजे. घरातून चालणाऱ्या व्यवसायात विश्वासाची सुरुवात तिथूनच होते.

आणि हो, फोटो लावताना त्याखाली तुमचं पूर्ण नाव आणि काम लिहा. सोसायटीच्या ग्रुपवर तुम्ही अजून ‘अमक्याची मम्मी’ असाल, तर आधी तिथलं नाव बदला.