हिमछायेतील द्राक्षमळे आणि विश्वासाचे अर्थकारण

मागणी आणि पुरवठा यांची गाठ पडते ती बाजारपेठ, असे आम्ही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकवितो. परंतु ज्या वस्तूचा दर्जा ग्राहकाला डोळ्यांनी पारखता येत नाही, तिच्या बाबतीत ही गाठ कशाच्या बळावर टिकते, याचे उत्तर त्या व्याख्येत नाही. गेल्या जानेवारीत पुतण्याच्या शिक्षणानिमित्त फ्रान्समधील ग्रनोबल येथे जाणे झाले. त्या वेळी जवळच्या साव्हॉय प्रांतात ‘नैसर्गिक’ वाइन करणाऱ्या काही लहान शेतकऱ्यांची तळघरे पाहण्याचा योग आला. मद्यपानाची भलामण करण्याचा येथे हेतू नाही. पुतण्याने चव घेतली, प्रस्तुत लेखकाने हिशेब विचारले.

शांबेरी शहराच्या दक्षिणेस ग्रानिये नावाचा उभ्या कड्याचा पर्वत आहे. 1248 साली त्याची एक बाजू कोसळली आणि पायथ्याची गावे गाडली गेली. त्याच दगडांच्या राशीवर आज आप्रमाँ आणि आबीम येथील द्राक्षमळे उभे आहेत. आपल्या नाशिककडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. आल्प्सच्या थंडीत मात्र वेल झोपी जाते, त्यामुळे छाटणी एकदाच आणि तीही भर हिवाळ्यात करावी लागते. दिवसभर बर्फात कात्री चालवून आलेला माणूस संध्याकाळी पाहुण्याला तळघरात नेतो, तेव्हा त्याच्या भेगाळलेल्या बोटांत वस्तूच्या किमतीचा निम्मा उलगडा झालेला असतो.

उरलेला उलगडा पिंपांत आहे. मोठे कारखाने विकतचे यीस्ट घालून आणि तापमान हवे तसे राखून आंबवण थोड्या दिवसांत उरकतात. ही मंडळी द्राक्षाच्या सालीवर आणि तळघरात असलेल्या यीस्टवरच विसंबून राहतात. थंडी वाढली की हे यीस्ट मंदावते, आणि क्वचित अर्धवट राहिलेले आंबवण वसंत ऋतूतच पुरे होते. तोवर भांडवल पिंपात अडकून पडते, आणि रस बिघडला तर वर्षाची कमाई बुडते. सारांश, ‘काही न घालणे’ हे स्वस्त नाही. जे घातले जात नाही त्याची जागा श्रम, काळ आणि जोखीम घेतात.

आता ग्राहकाने हे ओळखावे कसे? ज्या बाजारात दर्जाची माहिती फक्त विक्रेत्याला असते, तेथे वाईट माल चांगल्या मालाला हुसकून लावतो, हे जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी 1970 साली जुन्या मोटारींच्या उदाहरणावरून दाखवून दिले. साव्हॉयने याचाच एक प्रकार अनुभवला. बर्फावरील खेळांसाठी लोटणारे प्रवासी मिळेल ती स्थानिक वाइन पिऊन परत जात. पुन्हा न येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी कष्ट कोण घेणार? लहान उत्पादकांनी ही कोंडी फोडली ती ओळखीच्या बळावर. गिऱ्हाईक दारात येते, वेली पाहते आणि पुढल्या वर्षी पुन्हा येते.

तथापि ओळखीलाही मर्यादा आहेत. इटलीत 1986 साली मिथेनॉल मिसळलेल्या वाइनने वीसहून अधिक बळी घेतले. तेव्हा कायदा नकोच, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. फ्रान्समध्ये 2020 साली उत्पादकांनी स्वतःच एक सनद तयार केली. द्राक्षे प्रमाणित सेंद्रिय असावीत, हाताने तोडलेली असावीत, यीस्ट बाहेरचे नसावे आणि सल्फाइट घातलेच तर लिटरमागे 30 मिलिग्रॅमच्या आत असावे, अशा तिच्या अटी आहेत. युरोपीय नियमांनुसार साध्या तांबड्या वाइनला ही मर्यादा 150 आहे, यावरून फरक ध्यानी यावा. शिवाय डिसेंबर 2023पासून युरोपात नव्या वाइनचे घटक जाहीर करणे सक्तीचे झाले. इतकी वर्षे बिस्किटाच्या पुड्याला लागू असलेला नियम मद्याला लागू नव्हता, हे नवलच.

येथे एक सावधगिरी हवी. प्रमाणपत्राचा, तपासणीचा आणि कागदपत्रांचा खर्च उत्पादनाच्या प्रमाणात वाढत नाही. दहा लाख बाटल्यांवर तो नगण्य ठरतो, तर दहा हजार बाटल्यांवर कंबरडे मोडतो. म्हणजे समान नियम वस्तुतः विषम भार टाकतो, आणि ज्यांच्या प्रामाणिकपणाचे रक्षण करावयाचे तेच लहान उत्पादक प्रथम बाजाराबाहेर फेकले जातात. म्हणून माहिती उघड करण्याची सक्ती सर्वांना असावी, पण ती सिद्ध करण्याचा खर्च आकारमानानुसार असावा.

हा प्रश्न आल्प्सपुरता नाही. आपल्याकडे घाण्याचे तेल, गूळ, मध यांवर ‘शुद्ध’ आणि ‘सेंद्रिय’ ही अक्षरे सर्रास छापली जातात. खरा सेंद्रिय गूळ करणारा शेतकरी आणि नुसते लेबल चिकटविणारा व्यापारी एकाच फळीवर शेजारी बसतात. शेतकऱ्यांच्या गटांनी परस्परांच्या शेतांची तपासणी करून हमी देण्याची सहभाग हमी पद्धत देशात अस्तित्वात आहे, पण शहरी ग्राहकाला तिचे नावही ठाऊक नसते. सहकाराची परंपरा मिरविणाऱ्या महाराष्ट्राने या पद्धतीला बळ देणे अवघड नाही. जिल्हा पातळीवर स्वस्त प्रयोगशाळा आणि ग्राहकांना गटाच्या शेतावर नेणाऱ्या नियमित भेटी, एवढ्यावरही आरंभ होऊ शकेल.

विश्वास ही बाजारातील सर्वांत दुर्मिळ वस्तू होय. ती कायद्याने निर्माण होत नाही. मात्र अविचारी कायद्याने ती मरू शकते, आणि कायद्याच्या अभावीही. बर्फात छाटणी करणारा तो शेतकरी आणि कोल्हापूरच्या गुऱ्हाळातील आपला गुळव्या हे दोघेही या कात्रीत सापडलेले आहेत, एवढे धोरण आखणाऱ्यांनी ध्यानात ठेवले तरी पुरे.