फाटे फोडणारे आणि वाट काढणारे

आमचा शीळफाटा वाहनांच्या कोंडीसाठी बदनाम आहे. कल्याण, मुंब्रा, पनवेल आणि महापे अशा चारही दिशांच्या गाड्या तेथे एकमेकींना अडवून उभ्या राहतात. प्रत्येकाला आधी जायचे असते, म्हणून कोणीच जात नाही. सार्वजनिक आरोग्याचा नियम आला की समाजाचेही असेच होते, असे मला वाटते.

२०२५ साली मुंबईतील कबुतरखाने बंद करण्याचे ठरले. कबुतरांच्या विष्ठेमुळे व पिसांमुळे फुप्फुसांचे विकार होतात, हे डॉक्टरांचे म्हणणे. मुक्या जिवांची उपासमार होते, हे जैन भाविकांचे म्हणणे. महापालिकेने दादरच्या कबुतरखान्यावर घातलेली ताडपत्री ६ ऑगस्टला जमावाने फाडली. उच्च न्यायालयाने आरोग्याला अग्रक्रम देऊन तज्ज्ञांची समिती नेमण्यास सांगितले. समितीचा विचार बंदीच्या आधीच झाला असता तर?

मित्रहो, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. १८९७ साली पुण्यात प्लेग आला. रोगी वेगळा ठेवणे योग्यच होते. पण रँडसाहेबाचे गोरे सोजीर घराघरांत, देवघरापर्यंत घुसले. २२ जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. मुंबईतही मार्च १८९८ मध्ये झडतीवरून दंगल उसळली. पण त्याच मुंबईत निरनिराळ्या समाजांना स्वतःची प्लेग-रुग्णालये चालविण्याची मुभा होती. रोगी घरातून हलला, पण आपल्या माणसांत राहिला. तरुण आगाखानांनी हाफकिन यांची लस अनुयायांसमोर स्वतः टोचून घेतली. नियम तोच, मात्र तो सांगणारा माणूस आपला होता!

आमच्या इमारतीतही गच्चीवर दाणे टाकण्यावरून दोन तट पडले. दम्याने हैराण झालेल्या एक आजी आणि रोज मूठभर ज्वारी टाकणारे एक काका. दोघांचे निरोप पोहोचविण्याचे काम माझ्याकडे आले. तेव्हा कळले की आजींना काकांचा धर्म बुडवायचा नव्हता आणि काकांना आजींचा श्वास कोंडायचा नव्हता. गच्चीवर दाणे टाकणे थांबले. काका आता ज्वारीचे पैसे गोशाळेला देतात. हे त्यांनी स्वतः सुचविले, हे महत्त्वाचे.

मध्यस्थी म्हणजे निम्मे तुझे, निम्मे माझे नव्हे. अर्धा रोग पत्करता येत नाही. नियमाच्या हेतूबाबत तडजोड नको. रीत मात्र ज्यांना नियम जाचतो त्यांना विचारून ठरवावी, आणि तीही भांडणाआधी. आपण पदवीधर होऊन उद्या कचेरीत, शाळेत, गृहसंस्थेत बसणार आहोत. फाटे फोडणारे पुष्कळ भेटतील. वाट काढणारे आपल्यातूनच निघाले पाहिजेत.